काशिनाथ वायरलेस

रोज सकाळी खळ्यावर आले की मी आधी मान वर करून कॅमेऱ्यांकडे बघते. आमच्या बायका मला चिडवतात, काकी देवाआधी कॅमेऱ्याला नमस्कार करतात म्हणून. नमस्कार कसला डोंबलाचा! काचेवर कोळ्याने जाळं धरलंय का, खाऱ्या वाऱ्याचं पुट चढलंय का, ते बघायचं असतं. ही सवय मला काशिनाथने लावली. त्याने मला बऱ्याच सवयी लावल्या, आणि न बघता बोलायची एक मोठी सवय मोडलीही. पण त्याचं नाव काढलं की मला आठवते ती सुमन. पंधरा वर्षं माझ्या हाताखाली काम केलेली, माझ्या मुलीसारखी सुमन मी माझ्या तोंडाने घालवली होती, आणि ह्या माणसाने ती मला परत आणून दिली. ते कसं, ते सांगते. पण आधी माणूस सांगायला हवा.

काशिनाथ पिलणकर. मिरकरवाड्यात नुसतं पिलणकर म्हणून विचाराल तर दहा दारं दाखवतील. काशिनाथ वायरलेस म्हणालात की पोरसुद्धा घरापर्यंत आणून सोडेल. तरुणपणी तो बोटींवरचे वायरलेसचे संच दुरुस्त करायचा. आमच्या ह्यांची एका ट्रॉलरमध्ये भागी होती, तिच्यावरचा संच बिघडला की काशिनाथ यायचा. मला वयनी म्हणायचा, मी त्याला अरे-तुरे करायची, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, बोटींवर नवी यंत्रं आली, ती बिघडली की माणसं मुंबईहून यायला लागली. मग पन्नाशीच्या पुढे हा बाबा कॅमेऱ्याचं काम शिकला. कुठे शिकला म्हणाल, तर कुठेच नाही. एक जुना रेकॉर्डर आणून महिनाभर घरात उघडून ठेवला होता, एवढंच त्याची बायको सांगायची. जेवायच्या पाटावर स्क्रू पसरलेले असायचे म्हणे.

अंगाने वाळलेल्या बोंबलासारखा. पांढरा हाफ शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, हातात घड्याळ, त्याची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, खलाशी घालतात तशी. पिशवीत एक जुना जेवणाचा डबा, त्याच्या चार कप्प्यांत चार मापांचे स्क्रू. बरोबर मदतनीस कधी नाही. शिडी धरायला घरमालक पाहिजे, हा त्याचा नियम. गडी धरेल म्हटलं तरी ऐकायचा नाही. ज्याचं घर आहे त्याला कुठे काय लावलं ते ठाऊक हवं, म्हणायचा. ह्या नियमापायी रत्नागिरीतले भलेभले डॉक्टर आणि वकील शिड्या धरून उभे राहिलेले मी पाहिलेत.

आणि एक. दोन माणसं एकदम बोलली की त्याला सहन व्हायचं नाही. वायरलेसवर एकाने बोलायचं असतं, त्याचं संपलं की मग दुसऱ्याने. ती शिस्त त्याच्या हाडात मुरलेली. तुम्ही बोलणं थांबवलं तरी तो लगेच उत्तर द्यायचा नाही. मान जरा कलती करून थांबायचा, तुमचं आणखी काही उरलंय का ते बघायचा, आणि मग बोलायचा. मी ही अशी अखंड बडबडणारी. माझ्याशी बोलताना बिचाऱ्याची मान दुखून यायची.

माझं खळं भाट्याच्या खाडीकाठी आहे. खळं म्हणजे मासळी वाळवायची मोकळी जागा, मागे पत्र्याची मोठी शेड, पुढे गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, आणि त्याच्या पलीकडे पाणी. सासूबाईंनी सुरू केलं, ह्यांच्या मागे मी चालवते. सात बायका कामाला आहेत. बोंबील, बांगडा, सुकट, आणि सगळ्यात जिवाचे म्हणजे सोडे. कोलंबी सोलून वाळवायची, टोपलीभर कोलंबीचे ओंजळभर सोडे होतात, म्हणून त्यांना जपावं लागतं. तीन वर्षांपूर्वी वाळवणावरून माल कमी व्हायला लागला. मांजरं, कावळे, कुत्रे तर होतेच, पण कुत्रा काही पिशवी भरून नेत नाही. माझा भाचा पुण्याला असतो, त्याने मोबाइलवर जाहिरात पाठवली, आठ कॅमेऱ्यांचा संच, त्यात दोन गरागरा फिरणारे. मी ती काशिनाथसमोर धरली आणि म्हटलं, हे लावून दे.

त्याने मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. स्टूल मागून घेतलं, शेडच्या दारात बसला, कोरा चहा मागितला, आणि विचारलं, "वयनी, तुमाना काय बघायचाय?"

मी म्हटलं, सगळं. तो मान कलती करून थांबला. मी आणखी काही बोलेना, तेव्हा म्हणाला, "सगळा बघायला डोळे पुरत नाय. येणारा बघायचाय, का जाणारा बघायचाय, का वाळवण बघायचाय, ता सांगा."

झालं, अर्धा दिवस आमचा त्यातच गेला. पिशवीतून त्याने पुठ्ठ्याच्या दोन नळ्या काढल्या, एक आखूड आणि रुंद, एक लांब आणि अरुंद. मला शिडीच्या चौथ्या पायरीवर चढवलं, साडीचा काचा मारून, आणि आखूड नळीतून बघायला लावलं. सगळं खळं दिसलं, गडगा दिसला, खाडी दिसली, पण दारातून येणाऱ्या सुमनचं तोंड काही ओळखू येईना. मग लांब नळी दिली. तिच्यातून नुसतं दार दिसलं, पण सुमनच्या नाकातली मोरणीसुद्धा दिसली. कॅमेऱ्याच्या काचेचं असंच असतं, म्हणाला. रुंद काच सगळं दाखवते पण तोंड दाखवत नाही, अरुंद काच तोंड दाखवते पण बाकीचं सोडून देते. फिरणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल विचारलं तर म्हणाला, तो तिकडे बघत असतो तेव्हा इकडे बघत नसतो, आणि खाऱ्या वाऱ्यात त्याची मान वर्षभरात आखडते.

शेवटी आठाचे तीन झाले. एक रुंद, शेडच्या आढ्याखालून सगळं खळं आणि पलीकडची खाडी दाखवणारा. दोन अरुंद, पुढच्या आणि मागच्या दारावर. रेकॉर्डर मात्र चार जोडांचा घ्यायला लावलान, एक जागा मोकळी ठेवून, पुढेमागे गरज पडली तर. मी तो शेडमधल्या टीव्हीशेजारी ठेवायला निघाले होते, शोभून दिसला असता. चोर आला तर आधी तोच उचलून नेईल, मग तीन कॅमेऱ्यांनी काय पाहिलं ते कोण सांगणार, असं म्हणून त्याने तो शेडच्या माळ्यावर, मिरच्यांच्या पिंपामागच्या कपाटात बसवला आणि हवा खेळायला कपाटाला भोकं पाडली. वायर कॅमेऱ्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून टपकतं, आत जात नाही. प्रत्येक जोडावर व्हॅसलीन चोपडायचं, मग डबीत बंद करायचं. आणि वायर बांधायची ती खलाशाच्या गाठीने. अजून एक गाठ सैल झालेली नाही.

रेकॉर्डरचं पोट कसं असतं ते त्याने मला हाऱ्याचं उदाहरण देऊन शिकवलं. आमचा माशांचा हारा, म्हणजे मोठी टोपली, असतो ना, तेवढंच. पंधरा दिवसांची चित्रं त्यात मावतात. सोळावा दिवस आला की पहिला दिवस आपोआप तळातून गळून जातो. म्हणून काही झालं तर बघायचं लगेच. आणि निघताना, पिशवी खांद्याला लावून, त्याचं ते नेहमीचं वाक्य, जे त्याने सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवलेलं, "कॅमेरा दाखवतो. बघायचा आपल्यालाच लागता."

तेव्हा मी हो हो म्हटलं. कळलं काहीच नव्हतं.

त्याचा हट्टीपणा गावात प्रसिद्ध होता. एका निवृत्त साहेबांनी बंगल्याच्या चारी बाजूंनी कॅमेरे लावायला त्याला बोलावलं. ही हकिगत मला त्यांच्या शेजारणीने सांगितली, माझ्याकडून सुकट नेते ती. चौथा कॅमेरा लावायला काशिनाथ चढला, नळीतून बघितलं, आणि खाली उतरून शिडी मिटायला लागला. साहेबांनी विचारलं, काय झालं? तर म्हणे इथून शेजारची न्हाणी दिसते. साहेब म्हणाले, माझी भिंत, माझा कॅमेरा, तू लाव. हा कलत्या मानेने थांबला, साहेबांचं संपेपर्यंत. मग शांतपणे गडग्यावरून शेजारणीला हाक मारली, आणि म्हणाला, ताई, जरा येऊन ह्या नळीतून बघता काय, तुमची परवानगी असली तर लावतो. शेजारीण पदर खोचून आली. तिने नळीतून बघितलं आणि मग साहेबांकडे जे बघितलं, ते तिने मला करून दाखवलं होतं. साहेबांनी स्वतः शिडी धरली आणि कॅमेरा हातभर खाली, आपल्याच फाटकाकडे तोंड करून लागला. वर काशिनाथने डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून त्याला डाव्या बाजूने झापड लावलं, घोड्याला लावतात तसं.

हर्ण्याला माझ्या नणंदेकडे तर वेगळीच मजा. तिकडे कॅमेरा लावल्यावर दहा दिवसांनी दिवेलागणीला पडद्यावर पांढरं काहीतरी यायचं, लांब हातांचं, हलायचं, मोठं व्हायचं, नाहीसं व्हायचं. नणंदेच्या सासूबाईंनी अंथरूण धरलं. भगताला निरोप गेला. काशिनाथची मुलगी हर्ण्यालाच दिलेली, तो तिच्याकडे आला होता म्हणून त्यालाही बोलावलं. त्याने पडदा बघितला, अंगणातला खराटा उचलला आणि कॅमेऱ्यावरून एक हात फिरवला. कोळी खाली पडला. अंधार पडायला लागला की कॅमेरा आपला न दिसणारा उजेड टाकतो, त्या उजेडाला किडे येतात, किड्यांना कोळी येतो, आणि कोळ्याचा तंतू अगदी काचेसमोर असल्यामुळे तो भुतासारखा मोठा दिसतो. हे सगळं त्याने सासूबाईंच्या उशाशी बसून समजावलं. भगत आला तेव्हा त्यालाही चहा पाजून समजावलं. भगताने म्हणे जाताना त्याचा नंबर लिहून घेतला.

आता सुमनचं.

सुमन आमच्या शेजारच्या वाडीतली. नवरा लवकर गेला, एक मुलगी. खळ्यावर सगळ्यात आधी यायची ती, आणि शेडची दुसरी किल्ली तिच्याच कनवटीला. दोन वर्षांपूर्वीच्या माघातली गोष्ट. आमच्याकडचा विजेचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि दोन दिवस वीज नव्हती. शनिवारी आली. रेकॉर्डर चालू केला तर त्याची तारीख कुठल्या कुठे, मागच्या जन्मातली. काशिनाथ होता हर्ण्याला, मुलीच्या बाळंतपणात. मी म्हटलं, त्याला कशाला त्रास, माउस म्हणतात तो उंदीर धरून बटणं दाबायला मला त्यानेच तर शिकवलंय. घड्याळात बघून वेळ लावली. दिनदर्शिकेत बघून तारीख लावली. मोठ्या ऐटीत पुण्याला भाच्याला फोन करून सांगितलं, तुझी मावशी आता इंजिनीअर झाली.

त्यानंतर दीड आठवड्याने, पौर्णिमेच्या मंगळवारी, भरलेला सोड्यांचा एक हारा शेडमधून नाहीसा झाला. बुधवारी सकाळी ध्यानात आलं. मी सगळ्या बायकांना टीव्हीसमोर उभं केलं आणि मंगळवारची तारीख काढली. दुपार सरली, पाच वाजले, बायका घरी गेल्या. साडेपाचला मागचं दार उघडलं, आणि सुमन बाहेर आली. डोक्यावर सोड्यांची टोपली. दाराला कुलूप लावलं, इकडेतिकडे बघितलं, आणि गडग्याच्या कडेने निघून गेली.

सुमनच पहिली बोलली. ही टोपली तुम्हीच दिली होती काकी, म्हणाली, गणपतीपुळ्याच्या खानावळवालीला पोचवायला. मी म्हटलं, ती मागच्या मंगळवारी. हा कालचा मंगळवार आहे, तारीख वाच. ती म्हणाली, काल तर मी दुपारी दोनच्या एसटीने संगमेश्वरला गेले, बहिणीकडे, तुम्हाला सांगूनच. हे खरं होतं, जाताना ती सांगून गेली होती. तिच्या मुलीचं संगमेश्वरला जमत होतं, बोलणी शेवटाला आली होती. पण गेली की नाही ते मी कुठे बघायला गेले होते? पडद्यावर तारीख होती, वेळ होती, आणि ती स्वतः होती. मी सहा बायकांदेखत तिला म्हटलं, "कॅमेरा खोटं बोलत नाही, सुमन."

तिने कनवटीची किल्ली काढली आणि टीव्हीवर ठेवली. "मंग मीच खोटी असणार, काकी," एवढंच म्हणाली आणि गेली.

मी पोलिसांत गेले नाही, याचाच मला तेव्हा मोठेपणा वाटत होता, बघा. बायकांनी आपापल्या घरी सांगितलं, वाडीत पसरलं, चार दिवसांत ते संगमेश्वरलाही पोचलं. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला, जरा थांबू या. थांबू या म्हणजे काय ते आपल्याला कळतं. सुमन कोणाच्या दारी गेली नाही, भांडली नाही. तिचं दार नुसतं लावलेलं असायचं.

सहाव्या दिवशी काशिनाथ काचा पुसायला आला. मी त्याला चहा दिला आणि काय सांगितलं असेल? तुझ्या कॅमेऱ्याने चोर पकडलान म्हणून सांगितलं. जरा अभिमानानेच. त्याने चहा खाली ठेवला. "दाखवा," म्हणाला.

मी लावलं. पुढच्या-मागच्या दाराचं नव्हे, त्याने आढ्याखालचा रुंद कॅमेरा लावायला सांगितला, तीच तारीख, तीच वेळ. सुमन आली, गेली. परत लावा म्हणाला. तिसऱ्यांदा लावल्यावर मी म्हटलं, अरे किती वेळा बघशील तिला? तर म्हणाला, मी सुमनला बघतच नाय. पडद्याजवळ स्टूल ओढून बसला आणि बोट टेकवलं ते वरच्या कोपऱ्यात, गडग्याच्या पलीकडे, जिथे खाडी दिसते.

"वयनी, पौर्णिमा कधी होती?"

"त्याच मंगळवारी."

तो थांबला. मग म्हणाला, "मंग साडेपाचला हा पाणी कुठना आला?"

आता तुम्ही किनाऱ्यावरचे नसाल तर सांगायला हवं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. हे आमच्याकडे मूल चालायला लागलं की शिकतं. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी साडेअकराच्या आसपास पाणी गडग्याला लागतं, आणि संध्याकाळी साडेपाचला खाडी रिकामी, नुसता चिखल, होड्या कुशीवर पडलेल्या. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती, पण भांगाची, सुस्त, गडग्यापर्यंत न येणारी. आणि पडद्यावर काय होतं? होड्या डौलात तरंगत होत्या. पाणी होड्या बांधायच्या खुंटांच्या अर्ध्यावर, गडग्यापासून वावभर लांब. भांगाचं पाणी. लहान पोरानेही ओळखलं असतं. माझा जन्म ह्या पाण्यावर गेला, बाकीच्या सहा जणी कोळणी आणि खारविणी, आणि आम्ही सातजणींनी सुमनकडे बघितलं, पाण्याकडे एकीनेही बघितलं नाही.

ही अष्टमी हाय, काशिनाथ म्हणाला. बरोबर आठवड्यापूर्वीचा मंगळवार. मग तो दिनदर्शिकेसमोर जाऊन उभा राहिला आणि मला विचारलं, तारीख लावलीत ती कशी लावलीत, करून दाखवा. मी दाखवलं. आमच्या दिनदर्शिकेत वार डावीकडे एकाखाली एक, आणि तारखा आडव्या ओळीत. शनिवारवर बोट ठेवलं आणि सरकवत नेलं. चष्मा तेव्हाही कपाळावर होता आणि आताही कपाळावर होता. बोट एक घर पुढे जाऊन थांबलं. वार बरोबर, वेळ बरोबर, आठवडा चुकलेला. रेकॉर्डर माझ्या हाताने सात दिवस पुढे धावत होता. मी ज्याला काल म्हणत होते तो गेल्या आठवड्यातला मंगळवार होता, आणि सुमनच्या डोक्यावरची टोपली मीच दिलेली होती.

काशिनाथने मला स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिला. खरा पौर्णिमेचा मंगळवार त्याने पुढच्या तारखेखाली शोधून काढला. पाणी बघून खात्री केली. दोनच्या आधी सुमन पिशवी घेऊन पुढच्या दाराने गेली, मला हात करून. चारला कोल्हापूरचा टेंपो आला. ड्रायव्हर बोंबलाचे हारे चढवतोय. आणि शेडच्या दारात मी, कानाला मोबाइल, बोलतेय, हसतेय. ड्रायव्हर सोड्यांच्या हाऱ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारतो. मी त्याच्याकडे न बघता हात हलवते, ने ने म्हणून. तो नेतो.

कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला फोन केला. त्याने गोदामात बघितलं. बोंबलाच्या हाऱ्यांखाली सोडे तसेच होते.

मी पदर सावरून उठले, सुमनकडे जायला. काशिनाथने थांबवलं. तिचा कॅमेऱ्यातला तो मंगळवार किती जणींनी बघितला, विचारलं. मी म्हटलं, सहाजणींनी आणि मी.

"मंग जेवढ्यांनी ता बघितला, तेवढ्यांनी ह्या बघायचा. ह्याच टीव्हीवर, ह्याच जागी. आणि सुमनला मधे स्टूल द्यायचा."

एवढ्यावर थांबला नाही. संगमेश्वरहून तिची बहीण आणि मुलाकडचं वडीलधारं माणूसही आलं पाहिजे, म्हणाला, आणि तो निरोप त्याने स्वतः जाऊन दिलान. मला म्हणाला, चूक माझीपण हाय, मी तुमाना बटणं शिकवली, तारीख कशी ताडून बघायची ता शिकवला नाय. हे तो सगळ्यांसमोरही बोलला. त्याला बोलायची काही गरज नव्हती.

सुमन येईना. मी तिच्या दारात तासभर उभी होते. काय बोलले ते लिहीत नाही, बडबडीने आयुष्यात पहिल्यांदा मला साथ दिली नाही एवढं खरं. शेवटी ती आली, आपल्या मुलीसाठी आली. गुरुवारी दुपारी शेडमध्ये माणसं जमली. दोन्ही मंगळवार काशिनाथने त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर काढून ठेवले होते, नाहीतर अष्टमीचा एव्हाना हाऱ्याच्या तळातून गळून गेला असता. त्याने आधी अष्टमीचं पाणी दाखवलं, मग पौर्णिमेचं. मग मला टेंपोजवळ हसताना दाखवलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मला ते हसणं फार बरं वाटलं. मी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सुमनला म्हटलं, "खोटी मी होते."

तिने पडद्याकडे बघतच उत्तर दिलं. "काकी, चष्मा कपाळावरना खाली घ्या आदी." 

मुलाकडचे काका उठले, खाडीकडे गेले, आणि परत येऊन म्हणाले की आज पाणी वेळेवर आहे. त्या घरात सुमनची मुलगी सुखाने नांदतेय.

सुमन मात्र लगेच कामावर आली नाही. महिनाभराने आली, आणि येताना अट घालून आली. रेकॉर्डर तिच्या ताब्यात. घड्याळ, तारीख, किल्ली, सगळं. काशिनाथने माळ्यावर रेकॉर्डरशेजारी तिला एक छोटा पडदा जोडून दिला आणि दोन दुपारी बसून शिकवलं. माझ्यापेक्षा लवकर शिकली ती, कारण मधे बोलत नव्हती.

त्या दिवसापासून काशिनाथने स्वतःलाही एक नवी सवय लावून घेतली. कुठेही काम संपलं की शिडीवरून कॅमेऱ्याच्या समोर यायचा, उजवा हात पुढे करायचा, मनगट उलटं करायचा, आणि घड्याळाची तबकडी काचेला दाखवायचा. खाली रेकॉर्डरपाशी बसलेल्याने दोन्ही वेळा जुळतात का ते ओरडून सांगायचं. वकिलांकडे, डॉक्टरांकडे, सगळीकडे. लोकांना वाटायचं म्हातारा चळला. त्याने कारण कधी कोणाला सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर माझंही नाव निघालं असतं ना.

गेल्या कार्तिकात तो हर्ण्याला मुलीकडे गेला आणि तिथेच गेला. दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही. निरोप आला तेव्हा आम्ही सुकट पाखडत होतो. सूप खाली ठेवून सुमन माळ्यावर चढली. मला वाटलं रडायला गेली. थोड्या वेळाने हाक आली, काकी, वर या.

अकरा दिवसांपूर्वी तो काचा पुसून गेला होता. आणखी चार दिवसांनी ते चित्र हाऱ्याच्या तळातून गळून गेलं असतं. सुमनने ते शोधून वेगळं काढून ठेवलं होतं, पेन ड्राइव्हवर, आणि आम्हा दोघींसाठी लावलं होतं.

आधी पडद्यावर नुसतं फडकं, गोल गोल फिरणारं. मग फडकं बाजूला होतं आणि काशिनाथचं तोंड, इतकं जवळ की दाढीचे पांढरे खुंट मोजावेत. डोळे बारीक करून तो आमच्याकडे बघतो. मग एक पायरी खाली उतरतो, हात पुढे करतो, मनगट उलटं करतो. घड्याळात दीड. पडद्याच्या कोपऱ्यात दीड. त्याच्या खांद्यामागे खाडी, चिखल उघडा पडलेला, होड्या कुशीवर.

"दशमी होती," सुमन म्हणाली. "साडेसातची भरती. दीडला ओहोटी." तिने बोट पडद्याच्या वरच्या कोपऱ्याला टेकवलं. "पाणी बरोबर हाय."

पडद्यावर त्याचे ओठ हलले, खाली शिडी मी धरलेली, आणि तो माळ्यावर रेकॉर्डरपाशी बसलेल्या सुमनला विचारत असणार, जुळतंय काय म्हणून. मग मान जराशी कलती करून तो थांबला, उत्तर यायची वाट बघत.